गोलंदाज लिहायचा तर त्याला समुद्रही द्या

गेम घ्या, कॉमिक घ्या, अॅनिमे घ्या, नेटवरच्या फॅन्टसी कथा घ्या, एक पात्र हमखास भेटतं ज्याच्या शक्तींच्या यादीत लिहिलेलं असतं, सर्व प्रकारच्या तोफांवर प्रभुत्व. म्हणजे तोफ ठासणीची असो, जहाजावरची असो, उखळी असो नाहीतर आजची हॉवित्झर, हा माणूस तिच्यामागे उभा राहिला, एक डोळा बारीक केला की पहिलाच गोळा बरोब्बर जाऊन बसतो. मला हे पात्र लहानपणापासून प्रचंड आवडतं. तलवारबाज सगळ्यांनाच आवडतात, पण लांबवर उभं राहून, वारा बघून, हिशोब करून मारणारा गोलंदाज मला नेहमी जास्त जवळचा वाटत आलाय. आणि आवडतं म्हणूनच वाईट वाटतं, कारण हे पात्र बहुतेक वेळा अर्धंच लिहिलेलं असतं.

मी सध्या स्वतः एक कथा लिहितेय, आंग्र्यांच्या काळातला अलिबागकडचा एक गोलंदाज आहे, भंडारी समाजातला, पूर्ण काल्पनिक. त्याच्यासाठी वाचता वाचता, किल्ले फिरता फिरता एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली की असं सरसकट तोफांवर प्रभुत्व नसतंच कुणाचं. असतं ते एका तोफेवर, तिच्याभोवतीच्या पाच-सहा माणसांवर आणि तिच्यासमोरच्या पाण्यावर. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या मुख्य खलाशाला कसं, स्वतःच्या होडीवर अंधारातही सगळं हाताला लागतं आणि दुसऱ्याच्या होडीवर पाय ठेवला की पहिले काही दिवस तो जरा दबकूनच असतो, तसंच. मोठ्यातला मोठा गोलंदाज दुसऱ्या किल्ल्यावर नेऊन उभा करा, तो अर्धा नवशिका होतो. माझ्या मते खरी गोष्ट तिथे सुरू होते.

आमच्याकडे तोफा म्हणजे रोजच्या बघण्यातल्या. अलिबागला ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात जायचं, तटावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव अजून वाचता येतं, मुलं त्यांच्यावर बसून फोटो काढतात. थळच्या समोर खांदेरी-उंदेरी. १६७९ ला महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला, मायनाक भंडारी तिथे होता, इंग्रज आणि सिद्दी दोघांनी मिळून ते काम हाणून पाडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं आणि दोन बेटं एकमेकांवर तोफा डागत बसली. मला हा प्रकार कथेच्या दृष्टीने फार मोठा वाटतो, समोरासमोर दोन खडक, मधे तेच पाणी, तोच वारा, दोन्हीकडचे गोलंदाज एकमेकांच्या सवयी ओळखायला लागले असणार. अजून खाली मुरूडला जंजिरा, तिथली कलाल बांगडी तोफ सगळ्यांनाच माहितीये, चावरी आणि लांडा कासम या तोफा पण आहेत. कलाल बांगडीचा पल्ला म्हणून तिथे दहा-बारा किलोमीटरचे आकडे ऐकायला मिळतात, ते मला पटत नाहीत, त्या काळच्या दारूला आणि लोखंडाच्या गोल गोळ्याला ते झेपणारच नाही. तोफ त्याशिवायही जबरदस्त आहे, तिला खोट्या आकड्यांची गरज नाही. आणि तसंही त्या काळच्या तोफेचा गोळा लांब जाणं वेगळं आणि नेमका जाणं वेगळं, काहीशे मीटरच्या पुढे एका ठराविक जहाजाच्या ठराविक भागावर नेम धरणं म्हणजे अर्धं नशीबच.

का ते सांगते, कारण गोलंदाज लिहायचा असेल तर हे हाताला माहिती पाहिजे.

तोफेची नळी आतून गुळगुळीत. गोळा नळीपेक्षा किंचित लहान ठेवावाच लागतो, नाहीतर तो आत अडकेल. म्हणजे बार उडाला की गोळा सरळ येत नाही, नळीत वर-खाली आपटत येतो, आणि तोंडाशी शेवटचा जो टप्पा पडतो तो त्याची दिशा ठरवतो. आता ह्यात कोकणची हवा घाला. खारा वारा, लोखंडी गोळे उघड्यावर रचलेले, त्यांच्यावर गंजाचे पापुद्रे येणार, ते ठोकून काढावे लागणार, काढले की गोळा आणखी बारीक होणार, फट वाढणार. एकाच ढिगातले दोन गोळे सारखे नाहीत. माझा गोलंदाज म्हणून काय करतो, तर संध्याकाळी बसून गोळे हाताने फिरवून बघतो आणि बरे गोल वेगळे काढतो, ते लांबच्या माऱ्यासाठी, आणि खडबडीत, एका बाजूला जड असलेले जवळच्या माऱ्यासाठी. एवढं केलं तरी त्याची अर्धी नेमबाजी झाली, तोफेला बत्ती द्यायच्या आदल्या रात्री. ह्याला मी शक्ती म्हणते.

मग दारू. सोरा साधारण ७५ टक्के, कोळसा १५, गंधक १०, हे प्रमाण सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण सोरा नीट शुद्ध केलेला नसेल, त्यात साध्या मिठाचा अंश राहिला असेल तर तो हवेतलं पाणी ओढतो, आणि आपल्याकडे हवेत पाण्याशिवाय असतं काय. पिंपातली वरची दारू वेगळी, तळाची वेगळी. ओलसर दारूचा बार फुसका निघतो, गोळा अलीकडेच पाण्यात पडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं नेम चुकला. पावसाळ्यात गलबतं, गुराबं अशी लढाऊ जहाजं सगळी किनाऱ्याला ओढून शाकारलेली, नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, म्हणून मी त्याचे ते महिने दारूकोठारात घातलेत, दारू उन्हाची तिरीप मिळाली की बाहेर काढून पसरायची, ढग आला की पळत आत न्यायची. गोलंदाजाचं वर्ष असं दाखवलं ना की वाचकाला आपोआप कळतं की हा माणूस नुसता नेमबाज नाही.

आणि तोफ भरणं. हे मी थोडं सावकाश लिहिते कारण कथांमध्ये ह्याच्यावरून सगळे उडी मारतात. आधीचा बार झाला की नळीत ठिणगी राहिलेली असू शकते. म्हणून आधी ओला बोळा लांब दांड्याने आत फिरवायचा. मग दारू आत, गजाने ठासायची, वर बोळा, मग गोळा, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणी. मागच्या भोकात रंजक, म्हणजे पेट घ्यायची बारीक दारू भरायची, नेम बघायचा, बाजूला होऊन पलिता लावायचा, आणि बाजूलाच व्हायचं, कारण तोफ धक्क्याने मागे येते आणि मागे जो असेल त्याला घेऊन जाते. आता युरोपियन पद्धतीत ह्यात अजून एक माणूस असतो ज्याचं काम फक्त एवढंच की नळी पुसताना आणि दारू ठासताना मागचं भोक अंगठ्याने घट्ट दाबून धरायचं. का, तर भोकातून हवा गेली तर आत दबून राहिलेली ठिणगी फुलते आणि पुढे ज्याच्या हातात गज आहे त्याचे हात जातात. अंगठ्याला चामड्याची टोपी असते कारण लोखंड तापलेलं असतं. पण समजा चामडं फाटलंय, चटका बसतोय, तरी अंगठा उचलायचा नाही, कारण समोर तोंडाशी तुमचाच माणूस वाकलेला आहे. मी माझ्या नायकाला पहिल्या प्रकरणात हेच काम दिलंय. वय लहान, अजून गज उचलायची ताकद नाही, पण अंगठा न काढणारा पोरगा म्हणून सगळ्या बुरुजाला माहिती. पुढे जाऊन तो मोठा गोलंदाज होणार हे मला वेगळं सांगावंच लागलं नाही.

आता समुद्राचं बोलते, माझा सगळा मुद्दा इथे आहे.

बुरुजावरून समोरचं जहाज किती लांब आहे हे कळायला सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे जहाज जिथे पाण्याला टेकतं ती रेघ क्षितिजापासून किती खाली दिसते. जेवढी खाली तेवढं जहाज जवळ. रोज बघून बघून हे डोळ्यात बसतं. पुढे ब्रिटिशांनी किनाऱ्यावरच्या तोफांसाठी ह्याच तत्त्वावर दुर्बिणीची यंत्रं बनवली, पण त्या यंत्रातसुद्धा भरती-ओहोटीची दुरुस्ती करावी लागायची. का ते बघा. अलिबागला उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. समजा तोफ ओहोटीच्या पाण्यापासून बारा मीटर उंच आहे, भरतीला ती उंची आठवर येते. मग डोळ्याला जहाज अगदी त्याच जागी दिसत असेल, पण ओहोटीला जे अंतर सहाशे पावलं होतं तेच भरतीला चारशे असतं. म्हणजे गोलंदाजाला आजची तिथी माहिती हवी, उधाण आहे की भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती हे माहिती हवं, पाणी चढतंय की उतरतंय ते माहिती हवं, आणि हे सगळं त्याने विचार न करता तोफेचं तोंड वर-खाली करायच्या लाकडी पाचरीला हात घालताना धरलेलं असतं. अलिबागकडच्या माणसाला ते येणारच, त्याचं अख्खं आयुष्य तिथीवर चालतं, मासेमारी तिथीवर, किल्ल्यात चालत जाणं तिथीवर.

हाच माणूस विजयदुर्गला न्या. कोकण किनाऱ्यावर जसजसं दक्षिणेला जाऊ तसतशी भरती-ओहोटीतली उंची कमी होत जाते, तिकडे पाणी उत्तरेसारखं चढत नाही. समजा तिथे दोनच मीटर फरक पडतो. तर ओहोटीचे सहाशे भरतीला पाचशे होतात, चारशे नाही. पण ह्याचा हात आयुष्यभर चारशेवर गेलेला. तो सवयीने चारशेचा नेम धरणार आणि गोळा शंभर पावलं आधीच पाण्यात जाणार, आणि त्याला कळणारच नाही की आपलं काय चुकतंय, कारण डोळा बरोबर आहे, दारू बरोबर आहे, तोफही चांगली आहे. मला हे सुचलं त्या रात्री झोप नाही लागली. एवढा मोठा गोलंदाज, सगळे त्याचं नाव ऐकून आलेले, आणि पहिले दिवस त्याचे गोळे सतत अलीकडे पडतायत. त्याला शिकवणार कोण, तर तिथला एखादा स्थानिक पोरगा ज्याने तोफेला कधी हात लावला नाही पण ज्याला विजयदुर्गच्या वाघोटन खाडीचं पाणी माहितीये.

आमच्या आळीत एक काका आहेत, तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले, देवळालीला ट्रेनिंग, नंतर बरीच वर्षं वर पहाडात. त्यांच्या पडवीत बसून मी हे सगळं त्यांना सांगितलं, ते सुपारी सोलत होते, म्हणाले, "बाय, तू लिहितेस ते बरोबर आहे, पण नेम नेम काय करतेस? मी एवढी वर्षं तोफेवर होतो, मला टारगेट कधी दिसलंच नाही."

मी म्हटलं, "म्हणजे काका, तुम्ही न बघताच मारायचात?"

"बघणारा वेगळा असतो ना. ओपी ऑफिसर पुढे डोंगरावर बसलेला, तो रेडिओवर सांगणार, इतकं पुढे घे, इतकं मागे घे, डावीकडे, उजवीकडे. एक पलीकडे पडला, एक अलीकडे पडला, मग मधे धरायचं. आम्ही फक्त आकडे लावायचो. पण आकडा चुकीचा लावलास तर पुढे आपलीच पोरं असतात."

मग ते पहाडाबद्दल बोलले. वर हवा विरळ, गोळ्याला अडवणारं कमी, त्यामुळे मैदानातल्या हिशोबाने जिथे पडायला पाहिजे त्याच्या बराच पुढे जातो. दारूचं तापमान घ्यायचं, कारण थंड चार्ज गोळा जवळ टाकतो. बॅरल किती झिजलंय त्याची नोंद ठेवायची. एकाच बनावटीच्या दोन तोफा सारख्या मारत नाहीत. म्हणजे १५५ मिलिमीटरची आधुनिक तोफ, तक्ते, रेडिओ, सगळं हाताशी असूनही शेवटी तेच, ही तोफ, ही हवा, ही जागा. मला फार बरं वाटलं ते ऐकून. हवा गोळ्याला किती अडवते हे आधी कुणी धड धरतच नव्हतं, ते मोजून दाखवलं बेंजामिन रॉबिन्सने १७४० च्या दशकात, म्हणजे आपल्याकडे तुळाजी आंग्र्यांचा काळ, आणि तो रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानातच आला आणि १७५१ ला कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. ह्या माणसावर एक वेगळी पोस्ट नक्की लिहिणार.

काकांशी बोलताना आपण नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला बसायचं, डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. हे मला इतकी वर्षं माहिती होतं, पण कथेत घ्यायचं त्या दिवशी डोक्यात आलं. कान हे गोलंदाजाचं मोठं हत्यार आहे. समोरच्या तोफेची झळक दिसली की मोजायला सुरुवात करायची, आवाज येईपर्यंत तीन सेकंद गेले की तोफ साधारण एक किलोमीटरवर. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅगने, ज्याला १९१५ ला पंचविशीत फिजिक्सचं नोबेल मिळालं, त्यानेच, एका ओळीत मायक्रोफोन लावून प्रत्येकाकडे आवाज पोचायला किती फरक पडतो त्यावरून लपलेल्या जर्मन तोफा शोधून काढायची पद्धत उभी केली. म्हणजे कानाने तोफ शोधणारं पात्र ही अजिबात थाप नाही. पण जो कान वापरायचा तोच कान स्वतःच्या तोफेचा प्रत्येक बार खात असतो. माझा गोलंदाज तरुणपणी धुक्यात आवाजावरून गुराब ओळखतो, आणि पन्नाशीला त्याला फक्त जवळच्या तोफा ऐकू येतात, लांबच्या नाही. मग मोजणार कसा? तो शेजारच्या पोराला खांद्यावर हात ठेवायला सांगतो, आवाज आला की दाब. कौशल्य दुसऱ्याच्या हातातून त्याच्यापर्यंत येतं. शक्तीची किंमत दाखवायची म्हणून लेखक काय काय शाप वगैरे शोधतात, इथे ती आधीच ठेवलेली आहे, फक्त उचलायची.

कथेचा काळ मी मुद्दाम १७२१ ते १७५६ घेतलाय. १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले, तेव्हा आपला पोरगा अंगठा धरून बसलेला. १७२९ ला कान्होजी गेले, १७३३ ला सेखोजी, मग भावाभावांत फाटलं, मानाजी कुलाब्याला आणि संभाजी दक्षिणेकडे, संभाजीनंतर तिकडे तुळाजी. गोलंदाज कुणाबरोबर जाणार हा प्रश्न येतोच, आणि तो तोफ सोडून संभाजीबरोबर खाली जातो, हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात महागडा निर्णय. (आंग्र्यांकडे युरोपियन गोलंदाजही चाकरीला होते, त्यामुळे हे कौशल्य विकत घेणारे-विकणारे लोक भोवती होतेच. त्याच्याही आधी, १६६० ला, राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा-गोळे घेऊन पन्हाळ्याच्या वेढ्यात आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या मदतीला गेले आणि चक्क स्वतःचं निशाण लावून मारा केला, पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापुरात येऊन त्याची वसुली केली. भाड्याचा गोलंदाज हे खलपात्र कुणाला हवं असेल तर आपल्या इतिहासात तयार आहे.)

मग १७५५, हर्णैचा सुवर्णदुर्ग, आंग्र्यांचाच. कंपनीच्या कमोडोर जेम्सच्या माऱ्यात एक गोळा आत पडून आग लागली, ती दारूकोठाराला पोचली आणि कोठार उडालं. आणि १७५६ चा फेब्रुवारी, विजयदुर्ग, इंग्रज अॅडमिरल वॉटसनचं आरमार, जमिनीवरून क्लाइव्ह. तुळाजी स्वतः किल्ल्यात नाहीत, पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेलेले. किल्ल्याच्या तोफा उत्तर देतायत, आणि एक कुलपी, म्हणजे आत दारू भरलेला फुटणारा गोळा खाडीत नांगरलेल्या एका जहाजावर पडतो, ते जहाज आंग्र्यांनी कंपनीकडूनच पकडलेलं, ते पेटतं, आणि त्यावरून आग शेजारच्या, तिच्याही शेजारच्या गलबतांना लागत सगळं आरमार जळून जातं.

इथे मी बरेच दिवस अडकले होते. फॅन्टसीच्या नियमाने माझ्या नायकाने इथे काहीतरी अचाट करायला हवं. पण तो काय करणार, तो त्याच्या बुरुजावर आहे, आता त्याला ते पाणीही कळलंय, गोळे बरोबर पडतायत, आणि त्याच्या पाठीमागे, जिकडे त्याच्या तोफेचं तोंड वळतच नाही, तिकडे आग लागलीये. मी त्याला तसंच ठेवलंय. उत्तम गोलंदाज आहे आणि त्या दिवशी त्याचा काही उपयोग नाही, आणि तरी तो भरणं थांबवत नाही कारण समोरचं जहाज अजून पल्ल्यात आहे. त्याची किंमत कमी होऊ नये म्हणून मी त्या प्रसंगात एकही गोळा फुकट घालवला नाही.

आणि ते लिहिताना मला दुसरा एक माणूस दिसायला लागला, ज्याने तो कुलपी गोळा टाकला तो. वॉटसनकडे उखळी तोफांची खास जहाजं होती. उखळी तोफेचा गोळा वर जाऊन तटापलीकडे पडतो, पडला कुठे ते टाकणाऱ्याला धड दिसतही नाही. खालून जहाज हलतंय, गोळ्याच्या आत दारू भरलेली, आणि त्याची वात किती लांब कापायची हे ह्याने ठरवायचं, जास्त ठेवली तर गोळा पडून नुसताच धुमसत राहील आणि कुणीतरी पाणी ओतेल, कमी ठेवली तर हवेतच फुटेल. त्याला विजयदुर्गचं पाणी माहिती नाही, आतली गलबतं दाटीने नांगरलीत हे कदाचित माहिती असेल, कदाचित नसेल. तोही कुठल्यातरी बंदरातला, कुणाच्यातरी तोफेवर अंगठा धरून शिकलेलाच असणार. आता त्याचं प्रकरण वेगळं लिहायला घेतलंय, सुरुवात वात कापण्यापासून केलीये, पुढच्या आठवड्यात इथे टाकते.